रंगूदादाच्या जबड्याची चौकशी

टोकावडे, होळीनंतरचा शुक्रवार, २००९

होळीला येतो म्हणालास आणि आला नाय, आणि कारण काय, तर म्हणे धरणावर साहेब लोक पाहणीला यायचे होते. दादा, धरण काय कुठं पळून चाललं होतं? एक दिवस तू भातसानगरात नसतास तर मुंबईला पाणी पोचलं नसतं असं तुला वाटतं काय? मी पोळ्या केल्या, वाटेकडं बघत बसले, दुपारच्या एसटीतून उतरला तो गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा. फोन लावला तर तू "आवाज येत नाय" म्हणतोस आणि ठेवतोस. तुझा आवाज मला नीट येतो, मग माझा तुला कसा येत नाय? म्हणून आता कागदावर लिहिते. कागद ठेवून देता येत नाय.

तर तीर्थस्वरूप रंगूदादा, तुझ्या धाकट्या बहिणीचा, सकूचा, तुला आणि देवकीवहिनीला वाकून नमस्कार. नमस्कार आधी घालायचा असतो ते मला ठाऊक आहे, पण राग आधी आला. मी तिसरी शिकलेली बाई. आमची सून शीतल म्हणाली, आत्या, मी लिहून देते. पण तिनं लिहिलं की माझं भांडण गाळून निघतं आणि नुसतं "सर्व खुशाल" उरतं, म्हणून मीच लिहिते. अक्षर लागलं नाय तर दोनदा वाच.

तुझी तब्येत कशी आहे? जबडा कसा आहे? दाढा किती उरल्या, आणि त्यातल्या हालतात किती? नाचणीची भाकर चावता येते की आमटीत बुडवून खातोस? मान दोन्हीकडं वळते का? (का विचारते ते खाली कळंल. आता नुसतं उत्तर दे.)

आमच्याकडं आमचे हे सोडून सगळे बरे आहेत. ह्यांचं काय झालं ते सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण देवकीवहिनीला दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं, तिच्यासाठी लिहिते. धरणाचं काम चाललं होतं तेव्हा तू आणि हे, तुमी दोघं तिथं कामावर होता. मिलिटरीतून आलेला तो लाल डोळ्यांचा सुपरवायझर पोरांना संध्याकाळी बॉक्सिंग शिकवायचा. सेंटरिंगच्या फळ्यांचं मैदान, काथ्याची दोरी, आणि हातमोजे एकच जोड, दुसरा फायनलसाठी कल्याणहून मागवला. फायनलला एका बाजूला तू, एका बाजूला हे. मी सोळा वर्षांची, भाकऱ्या घेऊन आले होते ती दोरीपाशी उभी. ह्यांनी तुला एक ठोसा मारला. तू फळ्यांवर निजलास, मग उठलास, सुपरवायझरला दोनदा रामराम घातलास आणि मला म्हणालास, "आई, तू इकडं कुठं?" पुढल्या वर्षी तूच ह्यांचं स्थळ घेऊन घरी आलास. म्हणालास, ह्याच्यासारखा हात जिल्ह्यात नाय. मी तेव्हापासून त्या हाताला जेवायला वाढते.

तेव्हापासून आमच्या जत्रेत पालखीपुढं मानाचा नारळ ह्यांच्या, म्हणजे धाऊच्या हातात. गावात ज्याचा हात सगळ्यात भारी त्यानं तो धरायचा, ही आमच्याकडची चाल. एकतीस वर्षं कोणी विचारलं नाय. आता विचारलं.

झालं असं, की मागल्या पावसाळ्यात आपल्या देशाच्या पोराला परदेशात बॉक्सिंगचं मेडल मिळालं. ते ढाब्यावरच्या टीव्हीत सगळ्यांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून शेतातली कामं सोडून पोरं बांधावर हवेत बुक्क्या मारायला लागली. त्यातला एक खरा निघाला. आमच्या शेजारची गोदू, तिचा पोरगा अनिल. मुरबाडला कंपनीत कामाला जातो आणि सुटला की तिथंच हॉलमधी शिकतो. त्यानं दिवाळीनंतर जिल्ह्याचं मेडल आणलं. गोदूनं ते देवाच्या फळीवर ठेवलं आणि कोणी मीठ मागायला गेलं तरी आधी मेडल दाखवते. मी साखर मागायला गेले तर मलाही दाखवलं. मी म्हटलं, गोदू, हे मी सकाळीच बघितलंय. ती म्हणाली, सकाळी ऊन नव्हतं.

मग पोरं म्हणायला लागली, औंदा नारळ अनिलचा. म्हातारे म्हणाले, धाऊ त्याच्या वयाचा होता तेव्हा असले दोन अनिल त्यानं खिशात घातले असते. पोरं म्हणाली, तेव्हाच्या लोकांना पाय कुठं हलवता येत होते, नुसते खांबासारखे उभे राहायचे. आणि हे ढाब्यावर चहा पीत बसले होते, त्यांनी कप ठेवला.

दादा, तुला खरं सांगते, मला आधी ह्या भांडणाचा कंटाळा आला. पण मग रात्री डोळा लागेना. खरंच, कोण जिंकलं असतं? तेव्हाचा धाऊ आणि आताचा अनिल. हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की दातात अडकलेल्या सुपारीसारखा, जीभ तिकडंच जाते. तेव्हाचा धाऊ आणायचा कुठून? तो माझ्याच घरात राहतो, माझ्याच हातचं खातो, पण तो आता तो नाय.

म्हणून मी एका रविवारी जीप धरली आणि मुरबाडला अनिलची लढत बघायला गेले. (गोदूला सांगितलं, डोळे दाखवायला जाते. गोदू हॉलमधी पहिल्याच रांगेत बसली होती.) आता सगळं बदललंय. डोक्याला कानटोपीसारखं जाड टोपरं घालतात. पंच चारी बाजूंनी बसतात आणि ठोसा लागलेला दिसला की बटण दाबतात. मी एका पंचाजवळ गेले आणि विचारलं, हळू लागला तरी एक आणि जोरात लागला तरी एकच काय? तो म्हणाला, मावशी, बाजूला व्हा. म्हणजे हो.

अनिल कसा लढतो सांगू? ओढ्यात खेकडे धरायच्या दोन तऱ्हा. आमच्या आळीतली बाईजा बिळाशी बोट नाचवते, खेकडा बाहेर आला की टिपते, परत बोट मागं. मी सरळ हात घालते, चावला तर चावला, पण ओढून काढते. अनिल बाईजासारखा. आला, टेकवला, गेला. समोरचा पोरगा मारायचा तिथं अनिल नसायचाच. आणि आमचे हे माझ्यासारखे होते. पण संध्याकाळी टोपलीत बघितलं तर बाईजाचे आणि माझे खेकडे सारखेच भरतात, हीच तर पंचाईत.

येताना जीपमधी अनिल आणि गोदू माझ्यासमोरच होते. मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "काकी, आमची लढतच लागली नसती. काका जड गटातले, मी हलक्या. वजन जुळल्याशिवाय उभंच करत नाय." दादा, सगळ्या गावात एवढं एकच वाक्य शहाण्यासारखं निघालं, आणि ते ऐकायला कोणी तयार नाय. गोदू म्हणाली, "गप रे, जिंकला असतास तू."

घरी आमी अंगणातल्या आंब्याला कोंड्याचं पोतं बांधलं. अनिलनं मारलं, पोतं झोके घ्यायला लागलं. ह्यांनी मारलं, पोतं हाललं नाय, पण शिवण उसवली आणि कोंडा शीतलच्या वाळवणावर गेला. पोरं म्हणाली, आमचे झोके जास्त. म्हातारे म्हणाले, आमचं फाटलं. शीतल म्हणाली, माझे पापड गेले. तिचं कोणी ऐकलं नाय.

शेवटी गावकी बसली आणि ठरलं, देवीला कौल लावायचा. देवीला काय विचारायचं ह्याला काही धरबंद? हरवलेली म्हैस विचारावी, पोरीचं लग्न विचारावं. पण पुजारी कमळूबुवांनी देवीच्या उजव्या खांद्याला चाफ्याची पाकळी लावली, ती धाऊची, डाव्या खांद्याला एक, ती अनिलची. जी आधी पडंल त्याचा हात भारी. आमी बसलो. ऊन डोक्यावर आलं, पाकळ्या तशाच. ऊन कललं, तशाच. गुरं घरी आली. मग देऊळ झाडणारी जिवली हळूच म्हणाली, बुवा, सकाळीच मी देवीला तेलशेंदूर लावलाय, ताजा आहे. म्हणजे पाकळ्या चिकटल्या होत्या. आणि देवीच्या अंगावरची पाकळी हातानं काढायची नाय. कमळूबुवा डोळे मिटून बसले आणि मग म्हणाले, देवी म्हणते, मला ह्यात ओढू नका. पाकळ्या अजून तिथंच आहेत, सुकल्यात, पण पडत नाय.

मग जे नको होतं तेच झालं. हे उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "देवी बोलत नाय तर मी बोलतो. जत्रेत मैदानात मीच उतरतो अनिलसमोर." वय चौपन्न. मुरबाडच्या डॉक्टरनं दिलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या तांदळाच्या कणगीमागं लपवतात, मला वाटतं उंदीर खातात. आता पहाटे माळशेजच्या रस्त्यानं धावतात, परत येतात ते दुधाच्या गाडीतून. अनिल बिचारा म्हणतो, मी काकांवर हात उचलणार नाय. पण त्याच्या बाजूची पोरं त्याला भित्रा म्हणतात, आणि हेही म्हणतात. दोघांनाही उतरायचं नाय आणि दोघंही उतरणार. मला तेव्हाच्या धाऊची चिंता नाय दादा, तो जिंको नायतर हरो. मला आताच्याची आहे. टोपरं घातलं तरी डोकं जुनंच.

बाकी सर्व ठीक. आंब्याला मोहर बरा आहे. वहिनीच्या गुडघ्याला तेल पाठवते. लहानांना आशीर्वाद.

तुझी बहीण,
सकुबाई

ताजा कलम. वहिनीला वाचून दाखवत असशील तर इथं थांब. ती चुलीपाशी गेली की पुढलं वाच.

मी गावकीत उठले आणि सांगितलं, दोघांची झुंज कशाला, माप घ्या. धाऊचा तेव्हाचा ठोसा ज्यानं खाल्ला असा एक माणूस अजून जिता आहे, धरणावर नोकरीला आहे. त्यानं अनिलचा एक ठोसा खावा आणि कुठला भारी ते सांगावं. तो जे सांगंल ते गावाला मान्य, आणि मग मैदानात कोणी उतरायचं नाय. सगळ्यांना पटलं. कमळूबुवांना इतकं पटलं की ते म्हणाले, देवीच्या मनात हेच होतं. तर दादा, तुला यायचं आहे. अनिलला मी सांगून ठेवलंय, अर्ध्या जोरानं मार. मग वाटलं माप चुकंल, म्हणून पाऊण सांगितलंय. खाली गवताच्या पेंढ्या अंथरू. मटण तुझ्यासाठी मऊ शिजवीन.

आणखी एक. गावासमोर काय सांगायचं ते मी तुला शिकवणार नाय, तू मोठा आहेस. (धाऊचा भारी, एवढं सांग आणि खाली बस.) पण खरं काय ते मला विहिरीवर एकटीला सांगायचं. मला कळलंच पाहिजे.

आणि हे शेवटचं, हे वाचून कागद चुलीत घाल. परवा हे पोत्यापाशी घाम पुसत उभे होते. मी पाणी घेऊन गेले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "गो सकू, त्या दिवशी रंगूला ताप होता का गो?" मी म्हटलं, कुठल्या दिवशी? म्हणाले, "जाऊ दे." आणि पाणी न पिताच पोत्याला मारत सुटले. दादा, एकतीस वर्षं हा माणूस नारळ घेऊन चालतो आणि एकतीस वर्षं हा संशय पोटात ठेवून चालतो. मला आठवतं, त्या सकाळी तू भाकर खाल्ली नव्हतीस. पण मी सोळा वर्षांची, मी काय बघत होते ते मला ठाऊक, तुझ्याकडं बघत नव्हते.

तर एक कार्ड टाक. ताप नव्हता तर "येतो" लिही आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, जत्रेला, शहापूरहून मुरबाडची पहिली गाडी धर. ताप होता तर तसं लिहू नको, कार्ड आधी हेच वाचतात. नुसतं "येत नाय" लिही. मी समजेन. ह्यांना सांगेन, दादाची दाढ ठणकते. आणि नारळ मी स्वतः गोदूच्या दारात नेऊन ठेवीन, म्हणेन ह्यांनीच पाठवला, आणि जत्रेच्या दिवशी ह्यांना घेऊन तुझ्याकडं येईन धरण बघायला.

येतो की येत नाय, दोनातलं एक. गुढी आजपासून दोन आठवड्यांनी, शुक्रवारी आहे. कार्ड त्याच्या आदल्या गुरुवारच्या आत माझ्या हातात पाहिजे.