मंदाताईंचं इंग्रजी ‘नाही’

४ जानेवारी
संध्याकाळी मंदाताई आल्या. माझी मोठी नणंद. खासगी बाजारापासून जयेंद्रगंजपर्यंत पायी, ग्वाल्हेरच्या एवढ्या थंडीत. चहा नको म्हणाल्या. “अनघा, तू शाळेत इंग्रजी शिकवतेस न? मला ‘नाही’ म्हणायला शिकव.”

त्यांच्या रेवतीचं मदुराईच्या मुलाशी जमलंय. दोघं बंगळुरूत एकाच ऑफिसात. मुलाच्या आईला हिंदी येत नाही, यांना तमिळ. पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल.

“रेवती सांगेल की मधे बसून.”

“ती माझं ‘नाही’ गोड करून सांगेल. मला स्वतः बोलून द्यायचंय.”

५ जाने.
पहिलंच वाक्य: आय ॲम नॉट ॲग्री. ‘ॲम’ काढा म्हटलं, आय डोन्ट ॲग्री. “का? ‘सहमत आहे’मध्ये ‘आहे’ आहे न!” मराठीत आहे, ताई. इंग्रजीत ॲग्री हेच क्रियापद.

मग: माय डॉटर वॉन्ट टू मॅरी विथ युवर सन. वॉन्ट्स हवं. आणि विथ नको.

“विथ नाही? मग लग्न कोणाबरोबर?”

दोघी हसलो. त्या किती दिवसांनी.

हे मात्र चिडलेत. “बहीण माझी, तशी भाचीही माझीच. तू कोणाच्या बाजूची?”
ठाऊक नाही.

६ जाने.
रेवतीचा फोन. “मामी, नको शिकवू न ग. मेरी शादी तुड़वाएगी क्या?” म्हटलं, आईला एकदा स्वतःच्या तोंडाने बोलू तर दे. रागावून फोन ठेवला तिने. दिवसभर कशात लक्ष नाही.

८ जाने.
आज सिन्स आणि फॉर. ताई म्हणाल्या, माय हजबंड डाइड सिन्स सिक्स इयर्स. नाही, डाइड सिक्स इयर्स अगो. मरण एकदा घडून गेलं, म्हणून.

ताई म्हणाल्या, “आणि ते नाहीयेत, ते तर रोज चालू आहे. त्याला काय म्हणतात?”

ही हॅज बीन डेड फॉर सिक्स इयर्स.

इतकी वर्षं फळ्यावर हा फरक लिहितेय.

११ जाने., रविवार
कॉल झाला. ताई माझ्याच घरी बसल्या. मुलाची आई हिरव्या साडीत, आमच्याइतकीच घाबरलेली. नमस्कार झाला अन् ताई एका दमात: “आय डोन्ट ॲग्री.” एकही चूक नाही.

बंगळुरूहून जोडलेल्या रेवतीने डोळे मिटून घेतले.

ती बाई म्हणाली, “सिस्टर, आय ऑल्सो डिडन्ट ॲग्रीड. टू डेज आय डिडन्ट ईट.”

(डिडन्टनंतर ॲग्री. जीभ चावली, बोलले नाही.)

ताई पुढे सरकल्या. “देन व्हॉट यू ईट?”

“कर्ड राइस. माय सन मेड. टू मच सॉल्ट.”

ताई फस्सकन हसल्या. मग तिने मिस्टरांचं विचारलं. ताईंनी गुरुवारचं ‘फॉर सिक्स इयर्स’चं वाक्य सांगितलं, बरोबर, सावकाश. ती पदराने डोळे पुसत तमिळमध्ये काही बोलली. कोणी अर्थ विचारला नाही.

हो कोणी म्हटलं नाही. ‘नाही’ मागेही घेतलं नाही.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घेऊन ताई आल्या. ती बाई पुढच्या आठवड्यात ग्वाल्हेरला येतेय, एकटी. उतरणार ताईंकडेच. “माणूस इतक्या लांबून येतंय, हॉटेलात कसं पाठवू? पण त्याचा अर्थ हो नाही, सांगून ठेवते.”

मग म्हणाल्या, आज जर-तर शिकव. रेवतीने तिथे लग्न केलं तर.

म्हटलं, दोन तऱ्हा आहेत. घडेल असं वाटत असेल तर इफ शी मॅरीज. घडणारच नाही, नुसती कल्पना, तर इफ शी मॅरीड.

दोन्ही पुन्हा पुन्हा म्हणून पाहिल्या. उच्चार स्वच्छ. त्या बाईपुढे यातलं कुठलं म्हणणार, ते सांगितलं नाही.