सुरुवात चुकलेले सिनेमे

तीर्थस्वरूप आक्का,

कृतानेक नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून भांडतो? साडूसाहेबांचा खोकला आणि त्यावरचे त्यांचे स्वतःचे उपाय, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक. मी वेळेवर जेवतो, फिरायला जातो, गोळ्या घेतो. (हे तीनही प्रश्न तुम्ही विचारताच, म्हणून उत्तरं आधीच देऊन ठेवली.) फोनवर माझी गाडी दोन वाक्यांपुढे सरकत नाही हे तुम्ही जाणताच, म्हणून पत्र.

विषय असा. तुमच्या बहिणीला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्या दिवशी सगळे आमच्याकडे जमणार आहेत, आणि चिरंजीवांनी घरातल्या जुन्या व्हिडिओंचे तुकडे जोडून तिच्यावर छोटासा सिनेमा केला आहे. बैठकीच्या भिंतीवर दाखवायचा बेत आहे. सिनेमा चांगला झाला आहे, अडलंय ते सुरुवातीला. पहिल्याच दृश्यात ती दाराला कुलूप लावते, चार पायऱ्या उतरते, परत वर जाते, कुलूप काढून आत शिरते, बाहेर येते, कुलूप लावते, ओढून बघते आणि पुन्हा आत जाते. चिरंजीवांचं म्हणणं, आपल्याला ठीक आहे, पण नातवंडांना आणि नव्या सोयऱ्यांना ही बाई कोण आणि अशी आत-बाहेर का करते आहे हे कसं कळणार? तेव्हा सुरुवातीला पडद्यामागून कुणीतरी बोललं पाहिजे. आणि ते कुणीतरी म्हणजे मी. (घरात सगळ्यांत कमी बोलणारा माणूस शोधून त्यालाच हे काम देणं, हा गुण चिरंजीवांत आईकडून आला आहे. राग मानू नये.)

अभ्यास म्हणून त्यांनी मला आमच्या काळातले सिनेमे दाखवले, नुसत्या सुरुवाती. आक्का, सांगायला संकोच वाटतो, पण त्यांतली एकही सुरुवात मी आधी पाहिलेली नव्हती. पाहणार कशी? घरातून निघायचं म्हणजे आधी गॅस, मग इस्त्री, मग मागची खिडकी, मग पुन्हा गॅस. आम्ही थिएटरात पोचायचो तेव्हा पडद्यावर कुणीतरी रडत असायचं आणि का ते आम्हाला ठाऊक नसायचं. बॅटरीवाल्याच्या मागोमाग, लोकांच्या गुडघ्यांची माफी मागत आम्ही खुर्च्यांपर्यंत जायचो, आणि टेकतो न टेकतो तोच ती माझ्या कानाशी सुरू व्हायची. तो पांढऱ्या शर्टातला आहे ना, तो त्या दुसऱ्याचा सख्खा भाऊ, पण दोघांनाही माहीत नाही. तुला कसं कळलं, असं मी एकदाच विचारलं. "चेहऱ्यावर लिहिलंय की. तुम्ही पुढे बघा." मग मी जन्मभर पुढे बघत राहिलो. कधी सिनेमा तिच्या सांगण्याप्रमाणे वागला नाही, तर ती मध्यंतरात शांतपणे म्हणायची की लिहिणाऱ्याने घोटाळा केला आहे.

आता कळलं की त्या सिनेमांच्या सुरुवातीला एक भारदस्त आवाजाचा गृहस्थ सगळं नीट समजावून सांगत असे. घराणं कोणतं, कोण कुणाचा कोण, कुणाचं कुणाशी वाकडं. तो दीपस्तंभाचा सिनेमा तुम्हालाही आठवत असेल. (तुमच्याबरोबरच पाहिला होता. तुम्ही वेळेवर येऊन जागा धरल्या होत्या आणि आम्ही आल्यावर मध्यंतरापर्यंत आमच्याशी बोलला नव्हतात.) त्यातली नायिका रोज संध्याकाळी समुद्राकडे बघत उभी असते. तुमची बहीण मला म्हणाली, हिचे वडील जहाजाचे कप्तान, वादळात गेले, हिला अजून ते खरं वाटत नाही. मी त्या कप्तानासाठी किती वर्षं हळहळलो. परवा सुरुवात पाहिली. तो गृहस्थ सांगतो की वडील मिठाच्या वखारीत कारकून होते आणि तापाने गेले. समुद्राशी त्यांचा संबंध मिठापुरता. मी चिरंजीवांना म्हटलं, बंद कर, हा माणूस काहीतरीच सांगतोय.

असो. मी लिहायला बसलो. नोकरीभर पाणीपुरवठा खात्यात जाहीर सूचना लिहिल्या, तेव्हा चार ओळी जमायला हरकत नव्हती. चिरंजीवांनी वाचल्या, कागद उलटून मागची बाजूही बघितली, मग म्हणाले, "बाबा, हे आईबद्दल आहे की उद्या पाणी येणार नाही याबद्दल?" पुन्हा लिहिल्या. या खेपेला पाणी कमी दाबाने येणार होतं, एवढाच फरक.

मग आवाज मुद्रित करण्याचा प्रकार झाला. बैठकीत बसलो तर स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू येई. (जन्म पाण्यात काढला आणि घरचा नळ दुरुस्त करवला नाही, हे तुमच्या बहिणीचं वाक्य चिरंजीवांनी या निमित्ताने पुन्हा ऐकवलं.) त्यावर उपाय म्हणून त्यांनी मला भिंतीतल्या मोठ्या कपाटात बसवलं. कपड्यांत आवाज घुमत नाही म्हणे. माझ्या हातात मायक्रोफोन, डोक्यावर रजई, आणि दार बाहेरून लावलेलं. कपाट तिचं आहे. कपडे अजून तिथेच आहेत, मी काढलेले नाहीत. मी बराच वेळ आत होतो. बाहेर आल्यावर यंत्रात काहीच नव्हतं, तेव्हा मान अवघडली होती असं मी सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं.

शेवटी चिरंजीवांनी ओळखीचा एक धंदेवाईक आवाज गाठला. हा मनुष्य सिमेंटच्या जाहिरातीत बोलतो. त्याने नमुना पाठवला आहे. "ती एक ज्योत होती," असं तो सुरू करतो, आणि ऐकताना भिंत पक्की होते आहे असं वाटतं. आवाजात खोट काढता येणार नाही. पण तिला न पाहिलेला माणूस तिच्याबद्दल सगळ्यांना सांगणार आणि मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार, हे काही माझ्या घशाखाली उतरेना. तसं बोललो मात्र नाही.

परवा भिंतीवर सिनेमा लावून पाहिला, नुसता, आवाजाशिवाय. सूनबाई माझ्या शेजारी बसली होती. तिला सासू मिळाली ती जेमतेम, आजारपणातली. ती हळूच म्हणाली, "बाबा, आई परत आत का गेल्या?" मी सांगितलं, इस्त्री बघायला. आणि आता? आता खिडकी. खिडकी बंदच आहे, पण ते तिला हात लावल्याशिवाय पटत नाही. मग मी पुढचंही सांगत गेलो. दिवे लागले तेव्हा चिरंजीव मागे उभे होते आणि म्हणाले, हेच मायक्रोफोनमध्ये बोला. बसलो. पाणी पुन्हा बंद.

बाकी विशेष काही नाही. त्या दिवशी दोघांनी अवश्य यावं. परतीची सोय चिरंजीव करतील. साडूसाहेबांना नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. मला सगळ्यांना सांगता येत नाही, शेजारच्या एकाला सांगता येतं. सूनबाईला आता सगळं माहीत झालं, तिला पुन्हा सांगणं जमायचं नाही. तुम्ही माझ्या शेजारी बसून सुरुवातीलाच मला "ही कोण?" असं विचाराल का? आजूबाजूचे ऐकतील तेवढं ऐकतील. चिरंजीवांना मी ही युक्ती सांगितली, तर ते म्हणतात, मावशीचा होकार आला तरच सिमेंटवाल्याला नाही म्हणतो. त्याला शनिवारपर्यंत कळवायचं आहे.

आणखी एक. ती तुमची सख्खी बहीण, तिचं लहानपण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, हे मान्य. तरी मी काही पदरचं घालून सांगितलं, तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नये.

आणखी एक. तुम्ही कानाचं यंत्र घेतल्याचं भाच्याकडून कळलं. त्या दिवशी ते घरी विसरलात तरी हरकत नाही. मी मोठ्याने सांगेन.