मामाचं पान

तंजावूर,
१२ जून १९९५

ती. स्व. जयतीर्थ अण्णास,

नमस्कार. साष्टांग नाही. मांडीवर मूल आहे, वाकता येत नाही.

इकडे सर्व क्षेम. मेट्टूर धरणाचं पाणी अजून सोडलेलं नाही, कालवे कोरडे आहेत. यांच्या एसटीडी बूथवर संध्याकाळी रांग लागते. तिथून तुला फुकट फोन करता आला असता, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस. पत्राचं बरं असतं. टाकून द्यायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं. शिवाय मराठी अक्षर माझ्या घरी कोणाला वाचता येत नाही, आणि तुझ्याकडे वहिनीलाही नाही. अप्पांनी आपल्या दोघांकडून पाटीवर गिरवून घेतलं, त्याचा एवढा उपयोग उरलाय. तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

मुलीला नववा महिना लागला. तिचं नाव तू विचारलं नाहीस, मीही सांगत नाही. रांगते, मांजराची शेपटी धरते, मला दम देते. फक्त खात नाही. अंगावर पिते तेवढंच. परुप्पु-भात, म्हणजे आपला वरणभातच, मऊ करून दिला, थुंकली. नाचणीचं सत्त्व दिलं, ते माझ्या पदरावर. हे टीव्हीवरची जाहिरात पाहून डबा घेऊन आले. त्यातला गोपाळकृष्णासारखा गुटगुटीत मुलगा चमचा चाटतो. आमच्या बाईसाहेबांनी चमचा पाहिला नि ओठ असे मिटले, की सावकारानेही पेटी इतकी घट्ट मिटू नये.

हिराआत्या म्हणाली, छातीला कडुनिंब लाव, आपोआप सोडेल. मी म्हटलं, माझं दूध कडू करून तिला भाताची गोडी लागणार असेल तर तो भात मला नको. आत्या रुसून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, उपदेश घेऊनच.

आता मुद्द्याचं. आपल्यात मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, आणि पहिला घास मामाचा. पाचवा तुझी वाट पाहण्यात गेला. सातवाही गेला. माझ्या सासूबाईंना वाटलं होतं हे तुम्हा मराठ्यांचं काहीतरी खूळ असेल, पण त्यांच्यातही तायमामन, म्हणजे मामाच, सगळ्याला पुढे लागतो. कान टोचायलाही त्याचीच मांडी. त्या रोज विचारतात, "तुझा अण्णा पापनाशममध्येच आहे ना? की दिल्लीला असतो?" बसने तासाभराचं अंतर मी त्यांना कसं समजावू?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या दुधावर भागायचे दिवस संपले, रक्त कमी आहे, वजन जागचं हललेलं नाही. मला भीती वाटते, अण्णा. लिहून टाकलं एकदाचं.

आत्याचं म्हणणं वेगळंच. माझ्या लग्नाच्या दिवशी रजिस्ट्रार कचेरीच्या पायरीवर तू मला जे बोललास, तो शब्द पोरीच्या गळ्यात बसलाय म्हणे. "भाऊचा शब्द ग तो! कोठे जाईल? त्यालाच बोलव, त्याच्याच हातानं काढव." तो शब्द मी इथे लिहीत नाही. तुझ्या शब्दाला इतकी ताकद आहे यावर माझा विश्वासही नाही. तू गणिताचा मास्तर आहेस, ऋषी नव्हेस.

येत्या शुक्रवारी दुपारी उष्टावण ठरवलंय. विनंती समजू नकोस. मामाचा मान आहे, तो कळवला. घ्यायचा की नाही, ते तुझं तू बघ.

तुझी धाकटी (अजून तरी),
विनुता


तंजावूर,
२६ जून १९९५

अण्णा,

नमस्कार या वेळी राहू दे.

तू आला नाहीस, हे तुला माहीतच आहे. बाकीचं माहीत नाही, म्हणून लिहिते.

त्या शुक्रवारी मी पहाटेपासून चुलीपाशी होते. शेवग्याची मुरुंगकाय घालून सांबार, डांगर पचडी, पोळी, सगळं आईच्या पद्धतीनं. राजगोपाल बस स्टँडवर जाऊन उभे राहिले. होय, तेच राजगोपाल, ज्यांचं नाव तू तोंडानं घेत नाहीस. पापनाशमची प्रत्येक बस ते पाहत होते. तुझा फोटो माझ्याकडे आहे तो शाळेतला, मिशा न फुटलेला. तेवढ्यावर ते तुला ओळखणार होते.

मी तुझं पान मांडलं. पाटाशेजारी, पहिलं. मीठ, पचडी, भात, वरण, तूप, सगळं वाढून ठेवलं. ऊन उतरायला लागलं तसे हे एकटेच परत आले. घाम पुसला आणि म्हणाले, "पुढच्या बसला पाहतो." मला तेव्हा रडू आलं, तुझ्यासाठी नव्हे.

सासूबाई म्हणाल्या, पोर ताटकळली, आजोबा भरवतील. चांदीच्या वाटीत खीर, त्यात सोन्याची अंगठी बुडवून मामंजींनी तिच्या ओठाला लावली. ओठ बंद. पुन्हा लावली. खीर हनुवटीवरून नव्या झबल्यावर. मग जो तो बोलायला लागला. आत्या म्हणे मुहूर्त टळला, सासूबाई म्हणे दृष्ट काढा, मी म्हणे सगळे जरा गप्प बसा. या गोंधळात मी तिला खाली ठेवली.

ती रांगत निघाली आणि थेट तुझ्या पानावर जाऊन बसली. म्हणजे अक्षरशः पानावर, एक पाय पचडीत. वरणभातात हात घातला, मूठ भरली आणि तोंडात कोंबली. आम्ही सगळे बघत राहिलो. तिनं गिळलं, अण्णा. दुसरी मूठ भरली.

आत्या किंचाळली, "उष्टं केलं! मामाचं पान उष्टं केलं ग! उचला ते, दुसरं मांडा!" ती पुढे झाली तशी मी तिचा हात धरला. वडीलमाणसाचा हात मी आयुष्यात पहिल्यांदा असा धरला. म्हटलं, त्या पानाला कोणी बोट लावायचं नाही.

सासूबाईंनी विचारलं, उष्टं म्हणजे काय? मी म्हटलं, तुमच्या तमिळमध्ये एच्चिल. "आणि या समारंभाचं नाव?" उष्टावण. त्या पोट धरून हसल्या. "अगं, मग हेच तर करायचं होतं ना तिनं!" सोवळ्यात जन्म गेलेली बाई ती. पाट ओढून नातीशेजारी बसली आणि मुरुंगकायच्या शेंगेतला गर काढून तिला चाटवायला लागली.

तेव्हापासून जेवते. पण वाटी दाखवली की अजूनही तोंड मिटते. पुढ्यात मोठ्या माणसाचं वाढलेलं पान लागतं, आणि खायचं ते आपल्याच हातानं. म्हणून रोज दुपारी एक पान जास्त मांडतो. घरात त्याला मामाचं पान असंच म्हणायला लागलेत. दूध मी सोडवलेलं नाही, सोडवणारही नाही. तिला वाटेल तेव्हा सोडेल. डॉक्टरीणबाईंनी काल काटा पाहिला आणि मान डोलावली.

आता पायरीवरचा तो शब्द लिहायला हरकत नाही. "तुझ्या घरचा घास माझ्या घशाखाली उतरणार नाही." दोन वर्षं तो मी जपून ठेवला होता. तो पोरीच्या गळ्यात नव्हता, माझ्याच गळ्यात होता, आणि शुक्रवारी मीही पोटभर जेवले.

एक गोष्ट राहिली. तू लहानपणी सांबारातली मुरुंगकाय न चावता पानात टाकायचास, भात अर्धा ठेवून पळायचास. आई तुझ्याच पानावर बसून ते सगळं संपवायची. कधी वेगळं पान घेतलं नाही तिनं. ती गेली तेव्हा तू म्हणालास, आता माझं उरलेलं कोण खाणार?

मुलीचं नाव आम्ही भामा ठेवलंय. आईचंच.

मी बोलावत नाही. बस तुला ठाऊक आहे, घर कोणीही दाखवेल. आलास तर पान मांडलेलं मिळेल, पण कोरं मिळणार नाही. भामानं त्यात आधीच हात घातलेला असेल. त्या भामानं तुझं उष्टं जन्मभर खाल्लं. आता हिचं तुझ्या घशाखाली उतरतं का, ते येऊन बघ.

भामाची आई,
विनुता