सेटमध्ये फॉल्ट आहे

५ जानेवारी, रविवार
नवा रेडिओ सेट आला. सॉफ्टवेअरवाला. आत कॉइल नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, बाहेर बटणं दोनच. बाकी कारभार लॅपटॉपवर. संघदीप म्हणाला, बाबा, हे तं केबलवाल्याच्या डब्ब्यासारखं दिसून राह्यलं. पोराला नजर नाही.

जुना सेट मागच्या आठवड्यात कॉलेजला देऊन टाकला. हार, शाल, माझं भाषण. मध्येच प्राचार्यांना फोन आला, ते बाहेर गेले. भाषण पूर्ण केलं.

सेट घेतला तो नेमसिंगसाठी. तो एसटीच्या पुसद डेपोत इलेक्ट्रिशियन, मी पांढरकवडा डेपोत. दोघांनी एकाच साली हौशी रेडिओचं लायसन काढलं. तेव्हापासून रोज सकाळी सातला, चाळीस मीटर बँडवर. लग्नं, बदल्या, रिटायरमेंट सगळं हवेवर. प्रत्यक्ष भेटी हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या. फोन करायचा नाही असं ठरलेलं. फोन कोणीही करतं.

त्याच्या घशात गाठ निघाली. दहा फेब्रुवारीला नागपुरात ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार. माणूस राहील, आवाज जाईल.

नवा सेट ऐकेल ते लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करतो. बायको, पंचफुला, गेली, तिचा आवाज घरात कुठंच नाही. एकदा अनुभव आला. दुसऱ्यांदा तयारी पाहिजे.

आज नुसती टेस्टिंग. एरियलची केबल काढून खिळ्याला टांगली आणि सेटला डमी लोड जोडला. म्हणजे खोटा एरियल. रंगाच्या जुन्या डब्यात मी स्वतः बनवलेला. सेटची ताकद हवेत न जाता त्या डब्यात जिरते, डबा कोमट होतो, शेजाऱ्यांच्या टीव्हीला त्रास नाही. सगळं ओके. जेवायला हाक आली म्हणून उठलो.

संकल्प: रोज अर्धा तास नेमसिंगला बोलतं करणे. मोर्सची, म्हणजे टिकटिकीच्या सांकेतिक लिपीची, उजळणी. पुढे तो मोर्सवरच येणार. मला मोर्स येतो, सवय मोडली आहे.

६ जानेवारी, सोमवार
सातला हाक दिली. उत्तर नाही. झोपला असेल.

पण सेट काय शांत आहे. जुन्यावर जिनिंगची मोटर, गल्लीतले दिवे, सगळी खरखर यायची. यावर काही नाही. याला म्हणतात क्वालिटी.

एसडब्ल्यूआर पाहिला. दिलेल्या ताकदीपैकी किती माघारी फिरते त्याचं ते माप. एकास एक. म्हणजे काहीच माघारी येत नाही. असा एरियल जिल्ह्यात कोणाचा नसेल. नियम: चांगल्या चाललेल्या जोडणीला हात लावायचा नाही. कनेक्टर उघडबंद केल्यानेच खराब होतात. आमच्या डेपोत निम्म्या गाड्या हात लावल्यानेच बंद पडायच्या.

शेजारच्या बेबीताईंचं मांजर आलं, टेबलाखाली डब्यावर बसलं आणि पूर्ण वेळ ऐकत राहिलं. जनावराला कळतं.

९ जानेवारी, गुरुवार
तीन दिवस नेमसिंग गैरहजर. आज सूनबाईच्या, प्रियंकाच्या, फोनवर त्याचा आवाजी मेसेज आला. तिनं ऐकवला. उकंडा, जय भीम. म्या रोज हाका मारून राह्यलो बाप्पा, तू येऊनच नाही राह्यला. सेट आणला का शोकेसमधली वस्तू आणली? आवाज बसका होता.

प्रियंका म्हणाली, बाबा, फोन लावून देते, बोला नं. मी नको म्हटलं. फोनवर आवाज पत्र्याचा होतो. तिच्याकडून कळवलं, तुझा रिसीव्हर तपासून घे.

प्रियंका म्हणे, फोनची जागा भरत आली, कोणाकोणाचे मेसेज काढते. म्हटलं, हाही काढ. आपल्याकडे ओरिजिनल येणार आहे.

मोर्स: सोमवारपासून.

१५ जानेवारी, बुधवार
नेमसिंगनं रिसीव्हर तपासला. त्याचा ठीक आहे. म्हणजे फॉल्ट माझ्या सेटमध्ये. मला शंका होतीच. सॉफ्टवेअरवाल्या सेटचं हार्डवेअर नाजूक. नखाएवढ्या आयसी, त्यात उष्णता साठते. सेटवर टेबलफॅन लावला. जानेवारीत. मी स्वेटर घालून बसलो.

उत्तर नाही. शांतता मात्र पहिल्यापेक्षाही स्वच्छ.

१९ जानेवारी, रविवार
रेडिओवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं (टाइप प्रियंकानं केलं). लिहिलं की एरियल निर्दोष, एसडब्ल्यूआर एकास एक, सबब सेट सदोष. यवतमाळचा अतुल नावाचा इंजिनिअर लिहितो, काका, एकास एक खऱ्या एरियलला येत नाही. डमी लोडवर तर नाही ना?

बत्तीस वर्षं वायरी जोडल्या मी. ग्रुप सोडला.

२१ जानेवारी, मंगळवार
सेट उघडला. सोल्डरचे दोन टाके निस्तेज वाटले, पुन्हा मारले. बंद करताना एक स्क्रू उरला. कंपनीनं जास्तीचा दिला असावा.

झाडताना प्रियंका म्हणाली, बाबा, ह्या डब्ब्यात काय आहे? तुम्ही बोलले की गरम लागते. सांगितलं, सेटच्या पॉवरची ऊब आहे, खोलीत पसरते. ती म्हणाली, म्हणून मांजर जागचं हालत नाही. तिला टेक्निकल समजावत बसलो नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार
सेट कुरिअरनं कंपनीकडे पाठवला. सोबत चार पानं माझं निरीक्षण.

संघदीप म्हणाला, रविवारी गाडी काढतो, पुसदले जाऊन येऊ, काका भेटतीन. म्हटलं, सेट येऊ दे. भेटून काय रेकॉर्ड होणार? तो म्हणाला, मोबाइलमध्ये होते नं बाबा. मी विषय बदलला. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग आणि चाळीस मीटरवरचा नेमसिंग यात फरक आहे. तो बोलताना मागे वारा असतो.

२९ जानेवारी, बुधवार
मांजर रोज येतं, डबा हुंगतं, जातं. त्यालाही करमत नाही.

मोर्स: ए, बी पक्के झाले. सी राहिला.

५ फेब्रुवारी, बुधवार
सेट परत आला. चिठ्ठीत लिहिलंय: दोष आढळला नाही, एक स्क्रू कमी होता तो बसवला. दोष नाही असं नाही. त्यांना आढळला नाही.

तीच केबल पुन्हा सेटला जोडली, बाकी कशालाही हात लावला नाही. एसडब्ल्यूआर एकास एक. निदान माझी बाजू कायम आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
नेमसिंगचा निरोप. या वेळी लिहून. बोलताना दुखतं म्हणे. पण रोज सातला एकदा हाक देतो. उद्या-परवा देईन, मंग नागपूर. तू आला तर ठीक, नाही आला तर बी ठीक.

दोन दिवस पुष्कळ आहेत. आज नवं सॉफ्टवेअर टाकलं.

८ फेब्रुवारी, शनिवार
नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
सातला बसलो. उठलो तेव्हा प्रियंका जेवायला वाढत होती. माझा घसा बसला. मांजर पूर्ण वेळ डब्यावर.

संघदीप म्हणाला, काकांची गाडी दुपारी यवतमाळवरून जाईन, बसस्टँडजवळ थांबतीन, चला, आत्ता निघू. मी म्हटलं, दुपारी ते गाडीतून हवेवर आले तर? तो म्हणाला, गाडीत कुठून आणतीन सेट. काहीतरी खरं होतं त्यात. तरी बसून राहिलो.

बसलो त्याचं वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. चहा घेतला.

१० फेब्रुवारी, सोमवार
ऑपरेशन नीट झालं. त्याच्या मुलाचा फोन आला. प्रियंकानं विचारलं, बाबा, काही सांगायचं का? म्हटलं, सांग, इकडे सेटमध्ये फॉल्ट आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार
प्रियंकानं टेबलाखालचं झाडायला डबा ओढला. सोबत सेटपण सरकला. ती म्हणाली, बाबा, हा डब्बा तं तुमच्या मशिनीले बांधला आहे.

वाकून पाहिलं. डब्याची केबल सेटला. एरियलची केबल खिळ्यावर, मीच रबर लावून टांगलेली, पाच जानेवारीची. टोकावर कोळ्यानं जाळं केलं होतं.

केबल बदलली. खरखर आली. जिनिंगची मोटर, गल्लीतले दिवे, कुठलातरी बंगाली माणूस, श्रीलंकेतला कोणी. सेट उत्तम आहे. रिसीव्हर फार संवेदनशील.

एवढं सॉफ्टवेअर आहे, स्क्रीनवर एक ओळ येऊ नये, की बाबा, डबा काढा? ही डिझाइनमधली त्रुटी. कंपनीला कळवणे.

लॅपटॉपमधली रेकॉर्डिंग एकेक लावून पाहिली. सगळी आहेत. स्वच्छ.

प्रियंकाला सहज विचारलं, तो जानेवारीतला मेसेज. ती म्हणाली, तुमच्यासमोरच काढला नं बाबा. खरं आहे. मग म्हणाली, त्यांच्या मुलापाशी असंन एखादा, मागू का? म्हटलं, त्यांना आता कशाला त्रास.

अतुलचा नंबर घेऊन ठेवला. फोन करणे. (केला नाही.)

२ मार्च, रविवार
नेमसिंग दवाखान्यातून पुसदला घरी आला. काल मुलाकडून निरोप, उद्या सातला, मोर्सवर, बाबांना ऐकू सगळं येते, तुम्ही तोंडानं बोला.

एसडब्ल्यूआर दीड. साधारण एरियल आहे आपला.

सातला खरखरीतून टिकटिक आली. हळू, एकेक अक्षर, नवशिक्याशी बोलावं तशी. त्याला माहीत आहे माझा मोर्स. त्यानं तेच तेच तीनदा दिलं. बी आला. ओ आला. तिसऱ्यांदा एल लागला.

बोल.

माइक हातात घेतला. काय बोलायचं ते जानेवारीपासून ठरलेलं होतं. डेपोतला तो पावसाळा, पंचफुलाच्या वेळी तो रात्रभर हवेवर बसला होता ते, आणि पुष्कळ. रेकॉर्डिंग चालू होतं. मागे वारा होता.

म्हटलं, नेमसिंग, जय भीम. इकडे सेटमध्ये फॉल्ट होता.

 मग एकच अक्षर आलं, आर. हे मला येतं. आर म्हणजे पोचलं.

मांजर येऊन डब्यावर बसलं, लगेच उठलं आणि गेलं.