नव्या मंडपातला ठेका

वेल्हे,
श्रावण, १९५६

प्रिय गेनू,

किकवीला लेकीकडे जाऊन बसलास त्याला चार महिने झाले. दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. एवढा कसला रे ताठा? आता पाकीट पाठवतो आहे, निदान फोडून तरी बघ.

देवळाच्या या नव्या सभामंडपानं माझं डोकं उठवलं आहे. जुन्याला कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, वर कौलं. पखवाजावर थाप पडली की ती तिथंच संपायची, पुढची मोकळी यायची. आता सिमेंटचा गिलावा, शहाबादी फरशी आणि पत्रे. एकजण खोकला तरी तिघं खोकल्यासारखं वाटतं. मी अभंगाचा चरण म्हणतो, तो भिंतीवरून परत येऊन पुढच्या चरणाच्या अंगावर पडतो. आणि ज्यांनी हे बांधून घेतलं ते आनंदराव मिरवतात, "आवाज कसा घुमतुया बगा!" साळूबाई परवा मला म्हणते, "दादा, कंचा अभंग म्हनला त्येच कळंना." चाळीस वर्षं भजन करून हे ऐकायचं! तुझ्या जागी ज्ञानू पखवाजाला बसतो. त्याचाही ठेका घसरतो.

गेल्या सोमवारी वरच्या वाडीचा हैबती आणि त्याचे धनगर भजनाला आले, पावसात चिंब होऊन. आल्या आल्या दहा-बारा घोंगड्या भिंतीच्या खुंट्यांवर वाळत टाकल्या. फरशीवर पाणीच पाणी. मी ओरडणारच होतो, पण भजन सुरू झालं आणि माझा आवाज मलाच स्वच्छ ऐकू आला. ज्ञानूचा ठेकाही कुठं हलला नाही. पुढं भजन चालू असतानाच त्यांनी जायला म्हणून घोंगड्या काढल्या, तसा पुन्हा तोच कालवा. मी हैबतीच्या हातातली घोंगडी ओढून परत टांगायला लागलो. तो म्हणाला, "बुवा, याड लागलं का काय?"

लागायचंच. मंडप उघडला त्या दिवशी भिंतीवरून परत येणाऱ्या थापेला धरून मी गात होतो. तुझा ठेका जागच्या जागी होता, चुकत होतो मी. आणि सगळ्या गावादेखत तुला म्हणालो, हात म्हातारा झाला तुझा, पखवाज खाली ठेव. तू ठेवलास. आणि किकवीची वाट धरलीस. गेनू, माझं चुकलं. मला फार लाज वाटते. घरोघरच्या जुन्या घोंगड्या मागून भिंतींना लावल्या आहेत. सोमवारी ये. मला काय शिव्या घालायच्या त्या गावादेखत, तिथंच मंडपात घाल. आता तिथं शब्द न् शब्द कळतो.

तुझाच चुकलेला,
सावळाराम