पहिल्या रांगेतली पावलं

३ नोव्हेंबर १९२२
हॉलचं भाडं पंधरा शिलिंग. पत्रकं चार पौंड. खरी किंमत निराळीच: बायकोनं, हॅनानं माझ्याशी बोलणं सोडलं. तोच हॉल कशाला घेतलात, एवढंच शेवटचं म्हणाली. गावात दुसरा आहे कुठे? चौदा साली तिथूनच मी पोरांना फौजेत चला म्हणालो होतो. मी फक्त भाषण केलं. सह्या त्यांनी आपापल्या केल्या. आमच्या पोरानं, क्लेमनंसुद्धा. निवडून आलो की बोलेल ती.

६ नोव्हेंबर
पहिली सभा. हॉल गच्च, फक्त पहिली रांग रिकामी. मानाची म्हणून सोडली असणार. एरवी आपल्या लँकेशायरात उमेदवाराला पाच मिनिटं सुखानं बोलू देत नाहीत. मला तासभर कुणी हूं की चूं केलं नाही! माझा एजंट पिलिंग म्हणतो, साहेब, लोक ज्याची टर उडवतात त्यालाच मतं देतात, ही शांतता काही धड दिसत नाही. भित्रा आहे.

८ नोव्हेंबर
भाषण ऐन रंगात, आणि त्या रिकाम्या रांगेतून लाकडी बुटांची टकटक. निम्म्या गावाचे बूट माझ्या दुकानचे. पावलावरून माणूस सांगतो मी. हा वॉल्ट. हा टाच घासणारा जेम. दोघंही फ्रान्समध्येच राहिले.
कान थकलेत. उद्यापासून नाश्त्याला एक अंडं जास्त.

११ नोव्हेंबर
युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांतता. चौकात सगळे टोप्या काढून उभे. वेळ संपली तरी माझ्याकडे बघत तसेच राहिले. केवढा मान! जेमची आई जवळ आली. म्हणाली, डकवर्थ, तुझी एक सभा चुकवत नाही हं मी. आमचा जेम पुढं बसलेला असतो ना.
तिचं मत पक्कं धरलं.

१४ नोव्हेंबर
शेवटची सभा. अंदाज: किमान दहा हजार. घरची दोन मतं तर खिशातच.
आज तिसरं पाऊल वाजलं. डावा पाय जरासा ओढणारं. तो जोड मी स्वतः ठोकला होता, क्लेमच्या चौदाव्या वाढदिवसाला. पुढचं भाषण कागदावरून वाचलं. आवडलं असावं, कुणी हललं नाही. हॅना मागच्या दाराशी उभी होती. तीही त्या रांगेकडेच बघत होती.

१६ नोव्हेंबर
काल मतदान, आज निकाल. लेबर ११,२०४. टोरी ९,८७०. मी १,९१२. डिपॉझिट जप्त. देशभर आम्हा लिबरलांची हीच गत, म्हणजे माझा दोष नाही.
घरी आलो तर हॅना बोलली! चहा पुढं केला. म्हणाली, एनॉक, मी लेबरवाल्याला मत दिलं. लढणार नाही म्हणून तुरुंगात गेला तो, पण दुसऱ्याचं पोर पाठवलं नाही त्यानं.
घरातून मला एकच मत पडलं. माझं.