लेकीचा दाखला

सोमवार
या वयात नोकरी लागली! ऑफिसात चहा द्यायचा आणि आलेलं टपाल कॉम्प्युटरवर चढवायचं. खुर्ची गोल फिरणारी. दोनदा फिरून घेतलं. माझी लेक इथेच कामाला होती, हे कुणाला ठाऊक नाही. सगळ्या कॉम्प्युटरांचा कारभार एका माणसाकडे, त्याला म्हणतात किल्लेदार. मेला लोकांचे निरोप चोरून वाचायचा. लेकीने पकडलं, तर चोरी तिच्याच गळ्यात मारली. बाकीचे माना खाली घालून बसले. तिने जीव दिला. किल्लेदाराचा चहा मी मुद्दाम गार करून देते.

मंगळवार
टपाल चढवताना पडद्यावर आडवं आलं: भरवशाचा दाखला नाही, दाखला जोडा. पिशवीत एकच दाखला, लेकीच्या मृत्यूचा. तो स्कॅनरखाली घातला. किल्लेदार पोट धरून हसला. म्हणाला, आजीबाई, हा मशीनचा दाखला, माणसाचा नव्हे! समोरची मशीन खरी की तोतया, ते त्यावरून कळतं. तुम्ही जोडला तर तो तुमच्यापुरता; सगळ्यांच्या वतीने भरवसा मी ठेवतो. मी म्हटलं, मग ठेव की, हात झिजतात का तुझे? चारचौघांत मिरवायची हौस. नाव न वाचताच माझा कागद सगळ्या मशीनांत घातला. म्हणे, घ्या, आता अख्खं ऑफिस तुमच्यावर भरवसा ठेवील.

माझ्यावर नाही रे, मुडद्या.

बुधवार
सगळ्या पडद्यांवर लेकीचं नाव. खाली त्याने चोरून वाचलेला एकेक निरोप. बायका त्याच्या टेबलाभोवती उभ्या राहिल्या. त्याने दाखला मशीनमधून काढून टाकला. परत आला. काढला, परत आला. मशीन म्हणते, तुम्ही साधे वापरणारे, तुम्हाला अधिकार नाही. आज त्याला चहा गरम दिला.

गुरुवार
किल्लेदार मशीनच्या खोलीत अडकला. दार त्याचं कार्ड मानेना. दारावर अक्षरं — भरवसा नाही. दाखला जोडा. कसला दाखला, ते त्याला कळलं. आतून लेकीची माफी मागत होता. मग गप्प. प्रिंटरमधून कागद निघाला, त्याच्या मृत्यूचा दाखला. मगच दार उघडलं. बरं झालं. डोळ्यांत टिपूस नाही माझ्या.

शुक्रवार
बाहेरचं दार बंद — सगळ्यांच्याच पडद्यावर तेच. दाखला जोडा. साहेबांचा कागद निघाला. साहेब खुर्चीतच —

पडद्याला म्हटलं, पुरे ग बाई. ज्याने केलं त्याने भोगलं.

टायपिस्टचाही निघाला. कालच म्हणाली होती, आजी, चहा छान —

अग, मी आई तुझी. ओळखलंस ना?

भरवसा नाही.

प्रिंटर पुन्हा — माझं नाव. तारीख आजची. वेळ —